पदोन्नतीची मुलाखत : तयारी कशाची आणि केव्हापासून

(वाशीम येथील नोकरदार व विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे नोकरी कशी मिळवावी यावर पुष्कळ बोलले जाते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे ढीग प्रत्येक बसस्थानकाजवळ लागलेले असतात. गावातला एखादा मुलगा नोकरीला लागला की विहारात त्याचा सत्कार होतो, हार पडतो, पेढे वाटले जातात. आणि मग पुढची पंधरा-वीस वर्षे त्याचे काय झाले हे कुणी विचारत नाही. तो लिपिक म्हणून लागला आणि लिपिक म्हणूनच निवृत्त झाला, तर निवृत्तीच्या कार्यक्रमात आपण त्याच्या प्रामाणिकपणाची स्तुती करतो. प्रामाणिक तो होताच. पण त्याच टेबलावर त्याच्यानंतर लागलेले तिघे त्याचे साहेब होऊन गेले, हे त्या कार्यक्रमात कुणी बोलत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचे आहे.

विषय पैशाचा आहे असे कुणाला वाटेल. पगारवाढ होते हे खरेच आहे, आणि ती कुणाला नको आहे! पण बढतीने आणखी एक गोष्ट हातात येते. कर्जाच्या अर्जावर शेरा कोण मारतो? घरकुलाची यादी कोण तपासतो? हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल कोण लिहितो? ही सगळी कामे वरच्या खुर्चीतली आहेत. सोयाबीनचे पीक कर्ज मागायला आलेला रिसोडचा अल्पभूधारक ज्या टेबलासमोर उभा राहतो, त्या टेबलामागे त्याचे दुःख जाणणारा माणूस आहे की नाही, हा त्याच्या दृष्टीने फार मोठा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न ठळकपणे होता. त्याचा परिणाम म्हणून ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या आणि जून १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर गेले. पण हे राखीव प्रमाण थेट भरतीपुरते होते. वरच्या जागेचे दार तेव्हा त्या आदेशाने उघडले नव्हते. ते पुढे हळूहळू, न्यायालयांच्या पायऱ्या चढत उघडले.

तो इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कर्मचाऱ्यांना त्याची अर्धवट माहिती असते आणि अर्धवट माहितीवर माणूस निर्धास्त राहतो. १९६१ साली रंगाचारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बढतीतही आरक्षण देता येते असे म्हटले. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ते देता येत नाही असे ठरवले. म्हणून १९९५ साली सत्त्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन कलम १६ मध्ये (४-अ) हे उपकलम आले. २००० साली ब्याऐंशीव्या दुरुस्तीने बढतीसाठी लागणाऱ्या किमान गुणांत सवलत देण्याची मुभा दिली. २००६ च्या नागराज निकालाने सरकारवर आकडेवारी गोळा करण्याची अट घातली, आणि २०१८ च्या जर्नैलसिंग निकालाने त्यातली मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट काढली. प्रतिनिधित्व अपुरे असल्याची आकडेवारी मात्र द्यावीच लागते. आपल्या महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने बढतीत ३३ टक्के जागा राखीव होत्या. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरवला, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. बँकांचे तर आणखी वेगळे आहे. अधिकारी झाल्यावर एका श्रेणीतून वरच्या श्रेणीत निवडीने होणाऱ्या बढतीत आरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये स्पष्ट केले.

याचा अर्थ काय? हक्कासाठी लढायचे ते संघटनेने लढावे, आणि त्या लढ्याची वर्गणी आपण न कुरकुरता द्यावी. पण लढ्याचा निकाल लागेपर्यंत आपले वय थांबत नाही. ज्या मुलाखतीला तुम्हाला येत्या वर्षी बसायचे आहे तिथे तुमच्या हातात तुमची तयारीच असणार आहे.

आता तयारीकडे येतो. मी नोकरीच्या उत्तरार्धात अशा निवड मंडळांवर बसलो आहे. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसते ते या बाजूला बसणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. उमेदवार आत येण्यापूर्वी त्याची फाईल येते. मुलाखत दहा-पंधरा मिनिटांची. फाईल मात्र अनेक वर्षांची असते. म्हणून मुलाखतीची तयारी मुलाखतीचे पत्र आल्यावर सुरू होते हा समज प्रथम टाकून द्या.

फाईलमध्ये सर्वांत जड कागद म्हणजे गोपनीय अहवाल. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. पूर्वी प्रतिकूल शेरा असेल तरच तो कळवला जाई. 'चांगला' असा शेरा कुणी कळवत नसे, आणि बढतीला 'अत्युत्कृष्ट' किंवा 'बहुत चांगला' लागत असे. म्हणजे गोड शब्दाने माणूस मारला जाई आणि त्याला पत्ताही लागत नसे. देव दत्त नावाच्या एका कर्मचाऱ्याचे नेमके हेच झाले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केले. केंद्राच्या २००९ च्या आदेशाप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत म्हणणे मांडता येते. मी अनेकांना विचारतो, 'गेल्या पाच वर्षांचे अहवाल पाहिले का?' बहुतेक जण माझ्याकडेच पाहतात. कुणी म्हणतो, साहेब चांगले आहेत, वाईट कशाला लिहितील! अहो, साहेब चांगले असतील. त्यांनी घाईत तुमचा अहवाल भरला असेल, तुम्ही स्वयंमूल्यमापनाचा रकाना दोन ओळींत उरकला असेल, तर त्या चांगल्या साहेबांनी तरी काय लिहावे?

हा स्वयंमूल्यमापनाचा रकाना म्हणजे आपल्या लोकांचे मोठे दुखणे आहे. स्वतःबद्दल चांगले लिहायला आपला हात अडखळतो. ज्याच्या घरात आजोबांपर्यंत कुणी स्वतःचे नावही लिहिले नव्हते, त्याला 'मी हे केले' असे लिहिताना संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण 'नेमून दिलेले काम वेळेत पार पाडले' या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. किती प्रकरणे हातात होती, किती निकाली काढली, किती दिवसांत, कोणती जुनी अडचण सुटली, हे आकड्यांत लिहा. समजा तुमच्याकडे थकीत कर्जाची चाळीस खाती होती आणि त्यातली सतरा तुम्ही नियमित करून घेतलीत, तर तसेच लिहा. वर्षभर एक साधी वही ठेवा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यात चार ओळी टिपा. मार्च महिन्यात ही वही सोन्यासारखी वाटते, आणि मुलाखतीच्या वेळी तर तीच तुमचे पाठ्यपुस्तक होते.

सेवापुस्तकही वर्षातून एकदा पाहून त्यावर सही करायची असते. नाव, जन्मतारीख, जातीची नोंद, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद, संगणक अर्हता, जात वैधता प्रमाणपत्र, मत्ता व दायित्वाचे विवरण, यातला एक कागद कमी असला तरी निवड यादीतून नाव मागे पडते. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की ती सूचना फलकावर लागते आणि हरकतीची मुदत उलटून जाते. त्या मुदतीत कुणी बोलत नाही आणि नंतर आयुष्यभर बोलत राहतो.

चौकशीचा प्रश्नही इथेच सांगून टाकतो, कारण आपल्या माणसाविरुद्ध निनावी अर्ज येण्याचे प्रमाण, कसे सांगू, कमी नाही. नुसती तक्रार आली म्हणून बढती रोखता येत नाही. जानकीरामन प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दोषारोपपत्र बजावल्यानंतरच प्रकरण मोहोरबंद पाकिटात ठेवता येते. प्राथमिक चौकशीच्या टप्प्यावर कुणी 'तुमचे थांबले आहे' असे तोंडी सांगत असेल तर ते लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, तो वापरा.

आणखी एक शब्द नीट समजून घ्या. तुमच्या सेवानियमांत 'ज्येष्ठता नि गुणवत्ता' असे आहे की 'गुणवत्ता नि ज्येष्ठता', हे पाहा. शब्द दोनच आहेत, त्यांची जागा बदलली की सगळे बदलते. ग्रामीण बँकांच्या कर्मचाऱ्यांचा शिवय्या खटला १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरला. ज्येष्ठतेला पहिले स्थान असेल तिथे किमान पात्रतेचे गुण मिळवले की ज्येष्ठ माणसाला बढती मिळाली पाहिजे. कनिष्ठाला दोन गुण अधिक पडले म्हणून त्याला पुढे काढता येत नाही. गुणवत्तेला पहिले स्थान असेल तिथे मात्र एकेका गुणाला किंमत येते. तुमची मुलाखत यांपैकी कोणती हे ठाऊक नसताना तयारी करणे म्हणजे गाडी कुठे जाते हे न विचारता तिच्यात बसणे.

आता प्रत्यक्ष मुलाखत.

भन्ते बसलेले आहेत म्हणून धीर करून एक धार्मिक उदाहरण देतो. 'मिलिंदप्रश्न' ग्रंथातला मिलिंद राजा म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. तो मोठा प्रश्न विचारणारा होता. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले. या राजापुढे भिक्खू नागसेन बसले, तेव्हा त्यांनी वादाची रीतही ठरवून घेतली : विद्वानासारखे बोलणार की राजासारखे? विद्वानाचे खंडन केले तर तो रागावत नाही, राजा शिक्षा करतो. राजाने आत्म्याविषयी अवघड प्रश्न टाकला, तेव्हा नागसेनांनी पोथीतल्या वचनाने सुरुवात केली नाही. राजा ज्या रथातून आला होता तोच रथ त्यांनी उत्तरात घेतला. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे एकेक विचारत नेले. राजाला जे डोळ्यांसमोर दिसत होते त्यातूनच त्याला उत्तर मिळाले.

मुलाखतीत हेच करायचे असते. 'नेतृत्वगुण म्हणजे काय?' असे विचारले की आपला उमेदवार पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतो. मंडळाने ती व्याख्या सकाळपासून अकरा जणांकडून ऐकलेली असते. त्याऐवजी सांगा की मागच्या पेरणीच्या हंगामात शाखेत दोनच माणसे होती, बाहेर कर्जदारांची रांग होती, तेव्हा मी गावनिहाय दिवस वाटून दिले, कागदांची यादी आधीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, आणि त्यामुळे अमुक इतकी प्रकरणे जूनअखेर निकाली निघाली. हा तुमचा रथ. तो दुसऱ्या कुणाकडे नसतो. असे सहा-सात प्रसंग आपल्या वहीतून काढून ठेवा : एक संतापलेल्या ग्राहकाचा, एक चूक वेळेवर पकडल्याचा, एक वरिष्ठाशी मतभेद होऊनही काम पार पाडल्याचा. प्रश्न कसाही आला तरी यातला एखादा त्याला लागू पडतो.

वरच्या खुर्चीवरून प्रश्न कसा दिसेल, हे मात्र नव्याने शिकावे लागते. लिपिकाला विचारतात, हे काम कसे करतोस? अधिकारी होऊ पाहणाऱ्याला विचारतात, हे काम दुसऱ्याकडून कसे करून घेशील आणि चुकले तर काय करशील? पुष्कळ हुशार लिपिक इथे अडतात. त्यांना प्रत्येक नोंदवही तोंडपाठ असते, पण दोन सहकाऱ्यांत भांडण झाले तर काय, यावर त्यांनी कधी विचार केलेला नसतो. मुलाखतीच्या आधीचे दोन महिने रोज घरी जाताना स्वतःला एक प्रश्न विचारा : आज मी साहेब असतो तर त्या प्रकरणात काय निर्णय दिला असता, आणि कोणत्या परिपत्रकाच्या आधारे?

आपल्या जिल्ह्याची माहितीही ठेवा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपला वाशीम असे चार जिल्हे घेतले. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य विकास आणि पायाभूत सुविधा अशा बाबींवर जिल्ह्याची मोजणी होते. वाशीमहून गेलेल्या उमेदवाराला मंडळ हे विचारणारच. 'आमचा जिल्हा मागास आहे' एवढ्यावर जो थांबतो तो मागे पडतो. माझ्या टेबलावरून यातल्या कोणत्या बाबीला किती हात लागला, हे जो सांगतो त्याच्याकडे मंडळ मान वर करून पाहते.

भाषेची भीती फार आहे. इंग्रजी अडखळत बोलण्यापेक्षा सुरुवातीलाच अनुमती घेऊन हिंदीत बोला. बँकांत आणि केंद्राच्या कार्यालयांत त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. आपल्या वऱ्हाडी वळणाची लाज बाळगू नका, फक्त सावकाश बोला. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही, पाहून सांगेन' असे सरळ म्हणावे. सम्यक वाचेत हेही येते असे मला वाटते. थाप मारणारा उमेदवार मंडळाला दुसऱ्याच प्रश्नात कळतो.

आणि तो एक प्रश्न. सरळ कुणी विचारत नाही. 'तुम्ही कोणत्या प्रवर्गातून लागलात?' असे सहज हसत विचारले जाते, किंवा 'तुम्हाला तर सवलत असेल!' रक्त तापते. तापू द्या, पण उत्तर थंड द्या. एका तरुणीने आमच्यासमोर दिलेले उत्तर मला आवडले. ती म्हणाली, 'सर, मी राखीव जागेवर लागले. त्यानंतरची नऊ वर्षे काउंटरवर जे काम झाले ते आपल्यासमोरच्या अहवालात आहे, त्याबद्दल विचारावे.' ती भांडली नाही, ओशाळली नाही. विचारणाऱ्याने चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न कामाचाच आला.

बँकांत अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी बढतीपूर्व प्रशिक्षण असते. तिथे जायला आपलेच लोक कचरतात, सहकारी चिडवतील म्हणून. मला हे पटत नाही. ज्याची खासगी शिकवणी लावायला हजारो रुपये लागतील ते कार्यालय पगारी वेळेत देते आहे, ते घ्या.

शेवटी बदलीचा प्रश्न, जो खरा अडसर आहे. 'बढतीनंतर कुठेही जाल का?' या प्रश्नाला आपले निम्मे उमेदवार खाली पाहतात. घर नुकते बांधलेले, आईवडील म्हातारे, मुलगी दहावीत. काही जण तर बढती मिळाल्यावर ती नाकारतात. नाकारल्यावर काही काळ पुन्हा विचार होत नाही, मागचे पुढे निघून जातात, आणि राज्य शासनाच्या सेवेत आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही त्याचा परिणाम होतो. हा निर्णय मुलाखतीच्या खोलीत घ्यायचा नसतो. तो सहा महिने आधी घरात बसून, पती-पत्नीने मिळून घ्यायचा असतो. स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर घरात चर्चाही होत नाही. 'तुला कशाला हवे' यावर विषय संपतो. माझी येथे बसलेल्या भावांना विनंती आहे की पत्नीच्या बढतीचे पत्र आले तर आधी अभिनंदन करा, बदलीचे नंतर बोला.

इथे एक गंमत सांगतो. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा सचिव वराहदेव. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या वराहदेवाने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला दान दिले. तिथला शिलालेख आजही आहे. त्यात त्याचे वडील हस्तिभोज यांचेही नाव आहे, तेही राजाचे मंत्रीच होते. म्हणजे वडिलांनंतर मुलगा, मुलाखतीची भानगड नसावी! आपल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याला गेल्यावर ते लेणे आवर्जून पाहावे. ते राजाने दिलेले नाही, एका नोकरदाराने दिलेले आहे.

संस्थेच्या कार्यकारिणीसमोर मी एक सूचना ठेवली आहे. आपल्या समाजात आता निवृत्त अधिकारी बरेच आहेत : बँकेचे, महसूलचे, जिल्हा परिषदेचे, शिक्षण खात्याचे. महिन्यातून एका रविवारी तिघांनी विहाराच्या सभागृहात टेबल मांडून बसावे आणि ज्यांची मुलाखत आहे त्यांनी खरोखरीची समजून समोर यावे. बाकीच्यांनी मागे बसून ऐकावे, विद्यार्थ्यांनीसुद्धा. येताना गेल्या पाच वर्षांच्या अहवालांच्या प्रती आणाव्यात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी उद्याच कार्यालयात अर्ज करावा. अर्जाचा नमुना मी अध्यक्षांकडे दिलेला आहे, तो बाहेर टेबलावर मिळेल.

नमो बुद्धाय. जयभीम.